प्रमाणयादी आणि तबकडी : गिटारच्या 'अनिवार्य' ध्वनिमुद्रिकांचा वाद

गिटारवादनाच्या कोणत्या ध्वनिमुद्रिका अभिजात मानाव्यात, आणि त्यांपैकी कोणत्या ऐकल्यावाचून या वाद्याची जाण अपुरी राहते, हा वाद पाश्चात्त्य संगीतसमीक्षेत निदान पाच दशके चालू आहे. नियतकालिके याद्या छापतात, त्यांवर वाचकांची हमरीतुमरी होते, दहापंधरा वर्षांनी नवी यादी येते आणि जुन्या यादीतली नावे वरखाली झालेली दिसतात. साहित्याच्या अभ्यासकाने या प्रकाराकडे निव्वळ करमणूक म्हणून पाहणे सोपे आहे. तथापि प्रमाणसंचाच्या, म्हणजे साहित्यविचारात ज्याला 'कॅनन' म्हणतात त्याच्या, घडणीविषयी जे सैद्धांतिक प्रश्न अलीकडच्या दशकांत उपस्थित झाले, ते सगळे या वादात फार उघडपणे दिसतात. साहित्यकृतीच्या बाबतीत विद्यापीठे, अभ्यासक्रम, पारितोषिके आणि ग्रंथव्यवहार यांचे थर इतके दाट असतात की मूल्य कोठे संपते आणि संस्था कोठे सुरू होते हे सांगणे अवघड जाते. ध्वनिमुद्रिकेच्या बाबतीत हे थर पातळ आहेत. कोणी, केव्हा आणि काय निवडले याची नोंद पुष्कळदा तबकडीच्या वेष्टनावरच असते.

या वादात जी विशेषणे योजली जातात त्यांपासूनच आरंभ करणे योग्य ठरेल. 'श्रेष्ठ', 'अभिजात' आणि 'अनिवार्य' हे तीन शब्द यादीकार एकाच अर्थाने वापरतात. वस्तुतः त्यांचे व्याकरण भिन्न आहे. 'श्रेष्ठ' हा शब्द तुलनेची अपेक्षा ठेवतो, 'अभिजात' हा काळाची. 'अनिवार्य' किंवा 'आवश्यक' हा शब्द मात्र चतुर्थीवाचून उभाच राहत नाही : कोणाला आवश्यक आणि कशासाठी आवश्यक? वाद्य शिकू पाहणाऱ्याला, वाद्याचा इतिहास लिहू पाहणाऱ्याला आणि केवळ ऐकू पाहणाऱ्याला लागणाऱ्या तबकड्या एकच असतील असे मानायला काहीही आधार नाही. यादी ही चतुर्थी गाळते, आणि तिचा अधिकार या गाळण्यातूनच निर्माण होतो. जॉन गिलरी यांनी 'कल्चरल कॅपिटल' (१९९३) या ग्रंथात प्रमाणसंच ही एक काल्पनिक समग्रता आहे, प्रत्यक्षात अस्तित्वात असतो तो अभ्यासक्रम, असे प्रतिपादन केले होते. गिटारच्या याद्यांना विद्यापीठीय अभ्यासक्रमाचे पाठबळ फारसे नाही. त्यांचा अभ्यासक्रम दुकानात लागत असे. जी तबकडी पुन्हा छापली गेली तीच अभ्यासता आली, आणि जी अभ्यासली गेली तीच पुढच्या यादीत शिरली.

दुसरा प्रश्न एककाचा. यादी वादकांची नसते, वादनांचीही नसते. ती अल्बमांची असते. आता अल्बम हे एकक काही वाद्याच्या स्वभावातून आलेले नाही. अठ्ठ्याहत्तर फेऱ्यांच्या तबकडीची एक बाजू सुमारे तीन मिनिटांत संपे. अशा अनेक तबकड्या पुस्तकासारख्या बांधणीत एकत्र विकल्या जात, म्हणून 'अल्बम' हे नाव. १९४८ मध्ये कोलंबिया कंपनीने दीर्घवादन तबकडी बाजारात आणली, आणि एका बाजूला वीस-बावीस मिनिटे मिळू लागल्यावर रचना, क्रम, आरोह-उतार असलेली सलग कृती म्हणून अल्बमकडे पाहण्याची सवय हळूहळू लागली. या सवयीचा परिणाम पूर्वलक्ष्यी आहे. जँगो राइनहार्ट १९५३ मध्ये वारला. त्याच्या डाव्या हाताची दोन बोटे १९२८ च्या आगीत निकामी झाली होती, आणि उरलेल्या बोटांनी त्याने युरोपीय जॅझचे गिटारवादन घडवले, ते तीन-तीन मिनिटांच्या तुकड्यांत. चार्ली ख्रिश्चन १९४२ मध्ये पंचविसाव्या वर्षी गेला. विजेच्या गिटारला स्वतंत्र वादकाचा आवाज त्याने दिला तो बेनी गुडमनच्या वाद्यवृंदात, दुसऱ्याच्या नावाखाली. या दोघांनीही आज ज्या अर्थाने 'अल्बम' म्हणतात तसा एकही केला नाही. याद्यांतून ते येतात तेव्हा कोणत्यातरी संकलनाच्या रूपाने येतात, आणि संकलन कोणते निवडावे यावर यादीकारांचे एकमत होत नसल्याने त्यांची मते विभागून दोघेही खाली घसरतात. वाद्याच्या इतिहासात ज्यांच्यावाचून पुढचे पान उलटत नाही ते यादीत तळाशी, अशी ही स्थिती आहे.

संकलनाच्या रूपाने येऊनही जो वर चढला त्याचे एक उदाहरण तपशिलाने पाहण्यासारखे आहे. रॉबर्ट जॉन्सनची सगळी ध्वनिमुद्रणे दोन खेपांत झाली : नोव्हेंबर १९३६ मध्ये सॅन अँटोनियो येथे आणि जून १९३७ मध्ये डॅलस येथे. एकूण गाणी २९. वॉल्टर बेन्यामिन यांत्रिक पुनरुत्पादनाच्या युगातील कलाकृतीविषयीचा आपला निबंध प्रथम प्रसिद्ध करीत होते तेही हेच १९३६ साल. हा योगायोग आहे, पण बोलका आहे. १६ ऑगस्ट १९३८ रोजी जॉन्सन मरण पावला. त्याच वर्षाच्या अखेरीस जॉन हॅमंड यांनी न्यूयॉर्कच्या कार्नेगी हॉलमध्ये कृष्णवर्णीय संगीताचा मोठा कार्यक्रम केला. त्यासाठी त्यांनी जॉन्सनचा शोध घेतला, तो हयात नाही असे कळले, तेव्हा त्याच्या दोन तबकड्या व्यासपीठावरून वाजवल्या. त्यानंतर दोन दशके संग्राहकांचा एक लहान वर्ग सोडला तर या नावाची फारशी कोणाला आठवण नव्हती. १९६१ मध्ये फ्रँक ड्रिग्ज यांच्या संकलनाने कोलंबियाने 'किंग ऑफ द डेल्टा ब्लूज सिंगर्स' ही दीर्घवादन तबकडी काढली. तीत १६ गाणी होती. गिटारच्या अनिवार्य ध्वनिमुद्रिकांविषयीचा कोणताही वाद या तबकडीपाशी येऊन थांबतो.

या तबकडीच्या शीर्षकातच एक गंमत आहे. ती त्याला राजा म्हणते, पण गायकांचा. गिटारचा उल्लेख शीर्षकात नाही. आणि राजपद १९६१ मध्ये दिलेले आहे. जॉन्सनच्या हयातीत ते त्याला कोणी दिले नव्हते. त्याची चाललेली तबकडी म्हणजे 'टेराप्लेन ब्लूज', आणि तिचे यशही माफकच होते. एलायजा वॉल्ड यांनी 'एस्केपिंग द डेल्टा' (२००४) मध्ये हा मुद्दा सविस्तर मांडला : त्या काळच्या कृष्णवर्णीय श्रोत्यांच्या दृष्टीने ब्लूजचे मोठे नाव म्हणजे लीरॉय कार, लॉनी जॉन्सन यांच्यासारखे शहरी, सफाईदार कलावंत; रॉबर्ट जॉन्सन हा त्यांच्याच तबकड्या ऐकून तयार झालेला एक हुशार तरुण. डेल्टाचा एकाकी, झपाटलेला, मातीतला गवई ही प्रतिमा साठीच्या दशकातील गौरवर्णीय श्रोत्यांची गरज होती.

वॉल्ड यांचे हे विवेचन मोलाचे आहे, पण ते पहिले नव्हे. हाच वाद १९६१ च्या आधीच झडलेला होता. सॅम्युअल चार्टर्स यांनी १९५९ मध्ये 'द कंट्री ब्लूज' हे पुस्तक लिहिले तेव्हा तबकड्या विकत घेणाऱ्या कृष्णवर्णीय श्रोत्यांची पसंती त्यांनी बरीच प्रमाण मानली आणि रॉबर्ट जॉन्सनला अगदी थोडकी जागा दिली. त्यावर जेम्स मॅक्यून या न्यूयॉर्कच्या संग्राहकाने आक्षेप घेतला : विक्रीचा आकडा हा श्रेष्ठतेचा निकष कसा होऊ शकतो? ज्या तबकड्या कोणी घेतल्या नाहीत त्यांतच खरे मोल असू शकते. मॅक्यून यांच्या वर्तुळातील संग्राहकांनी मग स्वतःच्या संकलनांतून प्रतिप्रमाणसंच उभा केला. साहित्याच्या अभ्यासकाला हा पेच चांगला परिचित आहे. समकालीन वाचकांची पसंती प्रमाण मानावी, तर खपाऊ कादंबरीकार वाङ्मयेतिहासाच्या केंद्रस्थानी येतात. उत्तरकालीन जाणकारांची प्रमाण मानावी, तर इतिहास हा जाणकारांच्या स्वप्नांचा इतिहास होतो. चार्टर्स आणि वॉल्ड एका बाजूला, मॅक्यून आणि ड्रिग्ज दुसऱ्या. पंचेचाळीस वर्षांत वादाने एक पूर्ण फेरी मारली, एवढेच.

या दोन्ही पक्षांचे एका गोष्टीकडे दुर्लक्ष झाले आहे, ती म्हणजे १९६१ ची तबकडी ही स्वतंत्र संहिता आहे. तिचा क्रम पाहावा. ती 'क्रॉस रोड ब्लूज'ने सुरू होते आणि 'हेलहाउंड ऑन माय ट्रेल'ने संपते. त्याच्या लगेच आधी 'मी अँड द डेव्हिल ब्लूज'. चौरस्त्यावर आरंभ, मग सैतान, आणि शेवटी पाठलाग करणारा नरकातला कुत्रा : शोकांतिकेचा हा आलेख जॉन्सनने आखलेला नाही. प्रत्यक्ष ध्वनिमुद्रणाचा क्रम 'काइंडहार्टेड वूमन ब्लूज'पासून सुरू झाला आणि 'मिल्ककाउज काफ ब्लूज' या, प्रेयसीला दुभत्या गाईच्या रूपकात पकडणाऱ्या, काहीशा चावट गाण्याने संपला. 'हेलहाउंड' त्याच शेवटच्या दिवशी त्याच्या आधी गायले गेले होते. म्हणजे ज्याला कलावंताचा अंतिम उद्गार समजून दोन पिढ्या ऐकत आल्या तो संकलनाचा अंतिम उद्गार आहे. शिवाय 'क्रॉस रोड ब्लूज'च्या संहितेत सैतान नाही. तिथला निवेदक ईश्वराची करुणा भाकतो, आणि अंधार पडत असताना कोणी गाडीत घेत नाही म्हणून व्याकूळ होतो. वर्णभेदाच्या काळातल्या दक्षिणेत सूर्यास्तानंतर अनोळखी गावाच्या रस्त्यावर उभ्या असलेल्या कृष्णवर्णीय माणसाची ती भीती आहे, आणि ती पुरेशी भयंकर आहे. आत्मा विकल्याची आख्यायिका मुळात टॉमी जॉन्सन या दुसऱ्याच गायकाबद्दल सांगितली जाई. एका जॉन्सनची कथा दुसऱ्याला चिकटली, आणि तबकडीच्या क्रमाने तिला जागा करून दिली. मिशेल फूको यांनी ज्याला 'लेखक-कार्य' म्हटले ते याहून स्पष्ट रूपात क्वचितच भेटेल. विखुरलेली संहिता एका नावाभोवती गोळा होते, त्या नावाला चरित्र मिळते, आणि मग संहितेचा अर्थ त्या चरित्रातून लावला जातो. येथे चरित्राची जागा रिकामी होती हेही सोयीचेच ठरले. वेष्टनावर छायाचित्र नव्हते, कारण ते उपलब्धच नव्हते. होते ते वरून पाहिलेल्या, चेहरा न दिसणाऱ्या एका गिटारवादकाचे चित्र.

पाठभेदाचा प्रश्न याहून गंभीर आहे. 'क्रॉस रोड ब्लूज'चे दोन पाठ ध्वनिमुद्रित झाले. १९३७ मध्ये जो विक्रीला आला तो पहिला. १९६१ च्या तबकडीवर घेतला गेला तो दुसरा, अधिक संथ, तोवर कोणीही न ऐकलेला. 'ट्रॅव्हलिंग रिव्हरसाइड ब्लूज' आणि 'इफ आय हॅड पझेशन ओव्हर जजमेंट डे' ही गाणी तर जॉन्सनच्या हयातीत निघालीच नव्हती. उलट ज्या 'स्वीट होम शिकागो'ने आणि 'आय बिलीव्ह आय'ल डस्ट माय ब्रूम'ने शिकागोच्या कृष्णवर्णीय ब्लूजमध्ये खरोखर परंपरा निर्माण केली, ती दोन्ही गाणी या तबकडीवर नाहीत. ती १९७० च्या दुसऱ्या खंडात आली. क्रीम या त्रिकुटाने मार्च १९६८ मध्ये सॅन फ्रान्सिस्कोत सादर केलेले 'क्रॉसरोड्स' हे गिटारच्या याद्यांतले कायमचे नाव. त्यात एरिक क्लॅप्टन यांनी एक कडवे 'ट्रॅव्हलिंग रिव्हरसाइड'मधून घेतले आहे. हे कडवे १९६१ पूर्वी कोणाला ऐकायलाच मिळाले नसते. जॉन्सनपासून रॉक संगीतापर्यंत वाहत आलेली म्हणून जी परंपरा सांगितली जाते, तिचा उगम १९३६ च्या मिसिसिपीत जितका आहे तितकाच १९६१ च्या न्यूयॉर्कमधील एका कार्यालयात आहे. परंपरा खोटी ठरते असा याचा अर्थ नव्हे. नवी कृती आली की पूर्वीच्या सगळ्या कृतींची रचना बदलते असे एलियट १९१९ मध्ये म्हणाले होते. येथे ती नवी कृती म्हणजे एक संपादन आहे, इतकाच फरक.

संपादन म्हणून पाहिले की या तबकडीचे मोल घटते का? तसे समजण्याचे कारण नाही. जॉन्सनच्या वादनाचा जो विशेष आहे तो कोणत्याही क्रमाने ऐकला तरी टिकतो. पियानोवादकाच्या डाव्या हाताची चालती, डोलती खर्जाची साथ तो अंगठ्याने गिटारवर आणतो, त्याच वेळी वरच्या तारांवर गाण्याच्या ओळीला उत्तर देतो, आणि या दोहोंवर तिसरा, स्वतःचा कंठ असतो. कीथ रिचर्ड्स यांनी ही तबकडी पहिल्यांदा ऐकली तेव्हा दुसरा गिटारवादक कोण, असे विचारल्याची हकीकत प्रसिद्ध आहे. हा दुसरा वादक म्हणजे एका अर्थी लीरॉय कारचा पियानो होय. वॉल्ड यांनी जॉन्सनचे ऋण दाखवले. पण ऋण दाखवणे आणि मूल्य कमी करणे या वेगळ्या क्रिया आहेत. 'हेलहाउंड'मागे स्किप जेम्सचे १९३१ चे 'डेव्हिल गॉट माय वूमन' उघडच आहे. जेम्सचे गाणे स्थिर, दूरस्थ. जॉन्सनच्या गाण्यात लय सतत पुढे कलंडत असते, जणू बोटे आवाजाच्या आधी पळ काढू पाहतात. ही भीती तंत्रातून आलेली आहे, आख्यायिकेतून नव्हे. आख्यायिका काढून टाकली की ती अधिक नीट ऐकू येते.

'रोलिंग स्टोन'च्या २००३ च्या पाचशे अल्बमांच्या यादीत ही तबकडी २७ व्या स्थानी होती. २०२० च्या यादीत ती ३७४ व्या स्थानी गेली. मतदार बदलले, यादी बदलली. या सतरा वर्षांत तबकडीतला एकही स्वर बदललेला नाही, हे सांगायला नकोच. पण त्यावरून मूल्य हे केवळ मतदानाचे फलित आहे असा निष्कर्ष काढणे उतावीळपणाचे होईल. या घसरणीतून दिसते ते एवढेच की 'अनिवार्य'ची चतुर्थी बदलली. २००३ चा मतदार ज्या संगीताकडे मागे वळून पाहत होता त्याच्या मुळाशी ब्लूजची गिटार होती. २०२० च्या मतदारासाठी ती तेथे नव्हती.

संहिता एक मानण्याची ही चूक फक्त पुनर्मुद्रणांच्या बाबतीतच होते असे नाही. जिमी हेंड्रिक्सचा 'आर यू एक्सपीरियन्स्ड' (१९६७) कोणत्याही यादीत असतोच, पण कोणता? मे महिन्यात ब्रिटनमध्ये निघालेल्या तबकडीवर 'पर्पल हेझ' नव्हते, कारण एकेरी तबकडी म्हणून विकलेले गाणे पुन्हा अल्बमात घालण्याची तिकडे रीत नव्हती. ऑगस्टमध्ये अमेरिकन कंपनीने ते घातले, सोबत 'हे जो' आणि 'द विंड क्राइज मेरी' घातली, आणि 'रेड हाउस' काढून टाकले. म्हणजे हेंड्रिक्सच्या ब्लूजमधील मुळांचा सर्वांत स्पष्ट पुरावा अमेरिकेतील श्रोत्याला या अल्बमात मिळाला नाही. अटलांटिकच्या दोन्ही किनाऱ्यांवर एकाच शीर्षकावर एकमत झाले, ते दोन वेगळ्या संहितांविषयी. जॉन फेही यांनी तर या सगळ्या व्यवहाराची थट्टाच केली. १९५९ मध्ये स्वतः काढलेल्या, शंभरेक प्रतींच्या पहिल्या तबकडीची एक बाजू त्यांनी 'ब्लाइंड जो डेथ' या काल्पनिक ब्लूजवादकाच्या नावे दिली. हरवलेल्या आंधळ्या प्रतिभावंताचा शोध घेणाऱ्या संग्राहकांना त्यांनी तो घरीच बनवून दिला. पुढे १९६४ आणि १९६७ मध्ये त्यांनी ती तबकडी पुन्हा वाजवून नव्याने मुद्रित केली, आणि यादीकार आजही त्यांपैकी कोणती अभिप्रेत आहे हे क्वचितच सांगतात.

एककाच्या या प्रश्नातून वगळण्याचा प्रश्न निघतो. सिस्टर रोझेटा थार्प विजेची गिटार घेऊन देवाची गाणी गात होत्या. १९४४ मध्ये मुद्रित झालेले त्यांचे 'स्ट्रेंज थिंग्ज हॅपनिंग एव्हरी डे' ऐकल्यावर पुढच्या दशकातील रॉक अँड रोलमध्ये गिटारच्या दृष्टीने नवे काय होते असा प्रश्न पडतो. रॉक अँड रोल हॉल ऑफ फेमने जॉन्सनला पहिल्याच वर्षी, १९८६ मध्ये, स्थान दिले. थार्प यांना २०१८ मध्ये. बत्तीस वर्षांच्या या अंतराचे स्त्रीद्वेष हे एक कारण आहेच. 'रोलिंग स्टोन'च्या २००३ च्या शंभर गिटारवादकांत स्त्रिया दोनच होत्या, यावर आणखी भाष्याची गरज नाही. पण दुसरे कारण रचनात्मक आहे : थार्प यांच्या वाट्याला योग्य वेळी योग्य संकलन आले नाही. मेम्फिस मिनी आणि तिचा नवरा कॅन्सस जो यांनी १९२९ मध्ये मुद्रित केलेले 'व्हेन द लेव्ही ब्रेक्स' लेड झेपेलिनच्या १९७१ च्या अल्बमावरून सगळ्यांना माहीत आहे. यादीत तो अल्बम आहे, मिनी नाही. एलिझाबेथ कॉटन यांची गोष्ट याहून विलक्षण. डावखुऱ्या असल्याने त्या उजव्या हाताची गिटार तारा न बदलता उलटी धरीत, त्यामुळे खर्ज बोटांनी आणि सुरावट अंगठ्याने वाजे. सीगर कुटुंबात घरकाम करीत असताना त्यांचे वादन त्या घराला कळले, आणि माइक सीगर यांनी केलेले त्यांचे ध्वनिमुद्रण फोकवेजने १९५८ मध्ये काढले. तेव्हा त्या साठीच्या पुढे होत्या. वाद्य शिकणाऱ्याला ही तबकडी खरोखर आवश्यक आहे, कारण अंगठ्याला बोटांचा सेवक समजण्याची सवय ती मोडते. पण तीत वीरश्री नाही, आणि यादी करणारा मनात कोठेतरी वीराच्याच शोधात असतो.

पाश्चात्त्य अभिजात गिटारच्या क्षेत्रात यादी निराळ्या पद्धतीने घडते, कारण तेथे प्रमाण मानली जाते ती लिखित रचना. आंद्रेस सेगोव्हियाने कोणती रचना वाजवली यावर अर्धे शतक तिचे भवितव्य ठरले. पराग्वेचा अगुस्तिन बॅरियोस १९४४ मध्ये वारला. त्याच्या रचना मुख्य प्रवाहात आल्या त्या जॉन विल्यम्स यांनी १९७७ मध्ये त्यांना संपूर्ण तबकडी वाहिली तेव्हा. एका अधिकाऱ्याच्या मौनाला दुसऱ्या अधिकाऱ्याने उत्तर दिले. येथे अल्बमने वगळलेल्याला परत आणले हे मान्य केले पाहिजे.

या सगळ्या विवेचनातून बार्बरा हर्नस्टाइन स्मिथ यांच्या पद्धतीने मूल्य हे सर्वस्वी आगंतुक आहे असे म्हणता येईल, किंवा हॅरल्ड ब्लूम यांच्यासारखे प्रतिभेच्या झुंजीवर भरवसा ठेवून याद्यांच्या राजकारणाकडे पाठ फिरवता येईल. दोन्ही भूमिका या सामग्रीपुढे अपुऱ्या पडतात. ब्लूम यांच्या प्रतिपादनात ड्रिग्जसारख्या संपादकाला जागाच नाही. प्रतिभावंत पूर्वसूरीशी झुंजतो, पण तो पूर्वसूरी त्याच्यापर्यंत कोणी, कोणत्या पाठात आणि कोणत्या क्रमाने पोचवला हे ते विचारत नाहीत. स्मिथ यांच्या प्रतिपादनातून, कॉटन ऐकल्यावर अंगठ्याविषयीची समजूत बदलते, या अनुभवाची वाट लागत नाही. तो अनुभव पसंतीचा नाही. तो ज्ञानाचा आहे, आणि तो दुसऱ्याला दाखवता येतो. 'ऐकलेच पाहिजे' या विधानाला समर्थन द्यायचे झाले तर ते या मार्गाने देता येईल : ही तबकडी ऐकल्याने अमुक प्रकारे ऐकता येऊ लागते. ज्या यादीत हे 'अमुक' सांगितलेले नसते तिच्याशी वाद घालणेही शक्य नसते. तिला फक्त मान्यता देता येते किंवा नकार.

या कसोटीवर एका भारतीय तबकडीचा विचार अपरिहार्य होतो. हेंड्रिक्सचा अल्बम निघाला त्याच १९६७ साली 'कॉल ऑफ द व्हॅली' निघाली. शिवकुमार शर्मा यांचे संतूर, हरिप्रसाद चौरसिया यांची बासरी, ब्रिजभूषण काबरा यांची गिटार आणि माणिकराव पोपटकर यांचा तबला. काश्मीरमधील एका मेंढपाळाचा दिवस, अहिर भैरवापासून पहाडीपर्यंत प्रहरांप्रमाणे उलगडणारा. निर्माते होते ग. ना. जोशी. मराठी भावगीताच्या आरंभकाळातील हा गायक पुढे एच. एम. व्ही.च्या मुंबईतील ध्वनिमुद्रणाची धुरा वाहू लागला, हे मराठी वाचकाला ठाऊक आहे. 'स्वरगंगेच्या तीरी' या त्यांच्या पुस्तकाचे वाचक अजूनही आहेत. दीर्घवादन तबकडीच्या दोन बाजू म्हणजे नुसता वाढीव वेळ नसून तो एक आकृतिबंध आहे, ही जाण या निर्मितीत दिसते. रागसंगीताची मैफल तबकडीत कोंबण्याऐवजी तबकडीच्या मापाची कृती घडवली गेली. अल्बम हे एकक ज्या अर्थाने पाश्चात्त्य यादीकारांना अभिप्रेत आहे त्या अर्थाने ही अल्बमच आहे, बहुधा त्यांच्या कित्येक लाडक्या अल्बमांहून अधिक.

ती जगभर ऐकली गेली. तरीही गिटारच्या ध्वनिमुद्रिकांमध्ये तिची गणना सहसा होत नाही. १९८७ मध्ये लंडनमधील काही लहान कंपन्यांनी दुकानातील मांडणीच्या सोयीसाठी 'वर्ल्ड म्यूझिक' हे नाव ठरवले, आणि ही तबकडी त्या कप्प्यात गेली. गिटारचा कप्पा वेगळा होता. अली अकबर खाँ यांचे शिष्य असलेले काबरा गिटार मांडीवर आडवी ठेवून, तारेवरून धातूची कांडी फिरवून वाजवीत, आणि चिकारीच्या तारांची जोड त्यांनी तिला दिली होती. पडद्यांनी बांधलेले हे वाद्य कांडीखाली पडद्यांपासून सुटते, आणि मग मींड ही गिटारची मूळ वृत्तीच होती की काय असे वाटू लागते. डेल्टाचे वादक बाटलीचा गळा बोटात घालून तारांवरून घसटत तेव्हा तेही याच सुटकेच्या मागे होते. जॉन्सनच्या 'कम ऑन इन माय किचन'मध्ये गिटार गुणगुणते ती याच रीतीने. विश्वमोहन भट्ट आणि राय कूडर यांनी १९९३ च्या 'अ मीटिंग बाय द रिव्हर'मध्ये, फारशी पूर्वतयारी नसताना, हे नाते उघड करून दाखवले, आणि त्या तबकडीला ग्रॅमी मिळाल्यावर यादीकारांचेही तिकडे लक्ष गेले. कूडर यांचे नाव सोबत असल्याने तिला गिटारच्या कप्प्यात शिरणे सोपे गेले असावे. काबरा २०१८ मध्ये वारले. 'कॉल ऑफ द व्हॅली'च्या बहुतेक चर्चांत त्यांचे नाव आजही तिसरे येते, संतूर आणि बासरी यांच्यानंतर; ज्या वादकामुळे ती गिटारची तबकडी ठरते त्याच्याकडे कान देऊन ती पुन्हा ऐकण्याचे काम मराठीतल्या संगीतसमीक्षेनेही अद्याप पुरते केलेले नाही.